काळी तंबाखू आणि गड्डमशेठचा नवा पंखा

सोलापुरात पाइप ओढणारी माणसं किती आहेत मला ठाऊक नाही. आमच्या गल्लीत मी एकटा आहे, आणि गल्लीचं म्हणणं असं की एवढे पुरेत.

मी चित्रकलेचा मास्तर. म्हणजे होतो, आता निवृत्त. पाइपाशी माझी ओळख शाळेतच झाली, पण ओढण्यासाठी नव्हे, काढण्यासाठी! वस्तुचित्राच्या तासाला टेबलावर मांडायला मी जुन्या बाजारातून एक किटली, एक कंदील आणि एक लाकडी पाइप आणला होता. अकरा वर्षं मुलांनी तो पाइप काढला. (निम्म्यांच्या कागदावर तो वांग्यासारखा दिसायचा, उरलेल्या निम्म्यांच्या कागदावर चिरलेल्या वांग्यासारखा.) निवृत्तीच्या दिवशी शाळेनं मला शाल आणि नारळ दिला, किटली-कंदील ठेवून घेतले, आणि पाइप मात्र "ह्येचं काय करायचं सर, घिऊन जावा की" म्हणत शिपायानं माझ्या पिशवीत टाकला.

घरी बसल्याच्या चौथ्या दिवशी मी तो रिकामाच दातात धरला आणि आरशासमोर उभा राहिलो. काय सांगू! आरशात एक विचारवंत उभा होता. पोट थोडं पुढं आलेला, पण विचारवंत! मी भुवया जरा वर उचलल्या, नजर दूर लावली. तेवढ्यात मागून आमची कमल आली.

"काय ओ, दातात काय अडकलंय?"

ही गोष्ट तिनं फोनवर आमच्या प्रसन्नला सांगितली. प्रसन्न, आमचा मुलगा, पुण्यात नोकरीला आहे. तो खूप हसला आणि पुढच्या खेपेला थट्टा म्हणून तंबाखूचं एक पाकीट घेऊन आला. त्याचा कुणी मित्र जहाजावर आहे, त्यानं परदेशातून आणलेलं. थट्टा तिथंच संपायला हवी होती. पण आरशातल्या त्या विचारवंताला मी रिकाम्या तोंडानं परत पाठवू शकलो नाही! कमलनं तीन अटी घातल्या. ओढायचं ते गच्चीवर, दिवसातून एकदा, आणि दुपारच्या चहानंतर. मी तिन्ही कबूल केल्या. चौथी अट घालायला ती विसरली, आणि पुढचं सगळं रामायण त्या चौथ्या अटीच्या जागेवर घडलं. कोणती तंबाखू ओढायची, हे तिनं सांगितलंच नव्हतं!

पहिली तंबाखू व्हॅनिलाची होती. पाकीट फोडलं की आइस्क्रीमच्या दुकानाचं दार उघडल्यासारखं वाटायचं. मी गच्चीवर पाइप पेटवला की गल्ली नाक वर करून श्वास घ्यायची. आमच्या भिंतीला भिंत लावून गड्डमशेठचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे टॉवेल विणणारे बारा यंत्रमाग आणि त्यांचा दिवसभराचा खडखडाट. गड्डमशेठ घरात तेलुगू बोलतात, कारखान्यात मराठी, आणि घाबरले की दोन्ही एकदम. त्यांनी पहिल्याच आठवड्यात खालून हाक दिली.

"ओ सर! आज बासुंदी आटवायलेत काय घरात?"

"नाही हो शेठ, पाइप ओढतोय!"

"मग ओढा की! रोज ओढा!"

कमलसुद्धा खूश. "उदबत्तीपेक्षा बरं हाय की," असं तिचं मत पडलं. तिच्या भिशीच्या बायका यायच्या असल्या की ती मला पाइप पेटवून हॉलमधून दोन फेऱ्या मारायला लावायची, आणि मग बायका यायच्या आत पुन्हा गच्चीवर पाठवायची! सन्मानाचे दिवस होते ते. शाळेत इतकी वर्षं शिकवून मला जे नाव मिळालं नाही, ते व्हॅनिलानं दोन महिन्यांत मिळवून दिलं.

फक्त एक अडचण होती. सुगंध सगळ्यांना मिळायचा आणि चटका मला! गोड तंबाखूचा गोडपणा हवेत जातो. ओढणाऱ्याच्या जिभेला त्यातलं काही लागत नाही, नुसती भाजते. व्हॅनिलानंतर चेरी आली, चेरीनंतर कसलीशी चॉकलेटची. सहा महिन्यांत माझी जीभ पाकात बुडवून इस्त्री केल्यासारखी झाली. जेवताना शेंगाचटणी लागली की मी टाळी वाजवल्यावर चिमणी उडते तसा उडायचो.

मग आली व्हर्जिनिया. सोनेरी पानं, दाबून पातळ वड्या पाडलेली. तिला ना साखर, ना कसला अर्क. पेटवली की उन्हात वाळलेल्या कडब्याचा वास. कमलचं माहेर मंगळवेढ्याचं, घरची ज्वारी. ती एकदा गच्चीवर कपडे काढायला आली आणि थबकलीच.

"आमच्या गंजीपाशी बसल्यासारखं वाटतंय ओ," ती म्हणाली, आणि चक्क दोन मिनिटं माझ्याशेजारी बसली. (लग्नाला पस्तीस वर्षं झालेल्या माणसाला दोन मिनिटांची किंमत कळते.) या पानानं मला एक शिकवलं. घाई करायची नाही. तोवर मी गुऱ्हाळाच्या चुलवणासारखा भकाभका ओढत होतो. आता सावकाश, मधे मधे थांबत, एकेक घोट. मग जिभेला खरंच काहीतरी लागायला लागलं, भाकरीच्या भाजलेल्या पापुद्र्यासारखं. वर्षभर मी त्या पापुद्र्यावर सुखात होतो.

आणि मग प्रसन्नच्या मित्रानं पाठवला एक गोल डबा. आत काळीकुट्ट पानं. ही पानं म्हणे लाकडाच्या धुरावर आठवडेच्या आठवडे टांगून वाळवतात. मी मोठ्या उत्साहानं पहिला झुरका घेतला. असं वाटलं की कुणीतरी ओली गोधडी पेटवली आहे आणि ती चामड्याच्या चपलेनं बडवून विझवतंय! मी डोळे पुसले, पाइप धुतला आणि डबा रंगाच्या बाटल्यांमागं लपवून टाकला.

पण महिनाभरानं त्या डब्याची आठवण यायला लागली. का, ते विचारू नका. लहानपणी कारल्याची भाजी दिसली की मी जेवण सोडून पळायचो, आणि आता पानात कारलं नसलं तर मागून घेतो, त्याचं तरी कारण कुठं सांगता येतं? मी व्हर्जिनियात एक चिमूट काळी टाकून पाहिली. बरी लागली. पुढच्या आठवड्यात दोन चिमटी. दिवाळीपर्यंत निम्मी-निम्मी. संक्रांतीला सोनेरी पान नावापुरतं उरलं. आता मला त्या धुरात देवळातला धूप सापडायचा, जुनी चामड्याची बॅग सापडायची, पाणी मारलेल्या चुलीचा वास सापडायचा. सापडायचा नाही तो फक्त जळका वास! माझ्या नाकानं तो हळूहळू, मला न विचारता, यादीतून काढून टाकला होता.

घरात कुणाला पत्ता लागला नाही. कमलचं नाक गल्लीतल्या सुताच्या धुळीनं त्या दिवाळीपासून बंद. गच्चीवरचा धूर मागच्या मोकळ्या प्लॉटवर निघून जायचा. आणि गल्लीच्या डोक्यात मी अजूनही बासुंदीवाला मास्तर होतो. मीही तो गैरसमज दूर केला नाही. (नाव मिळवायला वेळ लागतो हो!)

अशात मार्च महिन्यात दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे आक्का आमच्याकडं राहायला आल्या. आक्का कमलची थोरली बहीण, वय सत्तरीपुढं. मंगळवेढ्याहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आल्या होत्या. एका डोळ्याला हिरवी पट्टी. आक्कांना मशेरीची जुनी सवय. म्हणजे तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि दाताला लावायची. भाजताना जो वास सुटतो त्यानं शेजारचे लोक गाव सोडायला तयार होतात. कमलनं त्यांना दारातच दम भरला होता, "आक्का, माझ्या घरात मशेरी भाजायची न्हाई! शपथ घे." आक्कांनी सिद्धरामेश्वराची शपथ घेतली.

दुसरी गोष्ट म्हणजे गड्डमशेठनं उन्हाळ्यासाठी कारखान्याला हवा आत ओढणारा एक दांडगा पंखा बसवला. तो बसवला त्यांच्या छताजवळच्या झरोक्यात. झरोका उघडतो आमच्या गच्चीच्या कठड्याखाली. आणि कठड्याला टेकून, खुर्ची टाकून, रोज दुपारी कोण बसतं, हे आता वेगळं सांगायला नको.

त्या दिवशी सोनेरी पान संपलं होतं. मी म्हटलं, आज होऊन जाऊ दे! पाइप काठोकाठ नुसत्या काळ्या पानानं भरला. पेटवला. डोळे मिटले. काय धूर, काय धूर! मी तो सावकाश सोडत होतो आणि तो नम्रपणे खाली वाकून झरोक्यात शिरत होता. मला वाटलं, आज हवा चांगली आहे.

पाच मिनिटांत बारा माग एकदम थांबले.

आमच्या गल्लीत आवाजानं कुणी दचकत नाही, शांततेनं दचकतात. पाठोपाठ गड्डमशेठचा आवाज आला.

"आपु रा, आपु! बंद करा! सूत जळायलंय! मेन स्विच पाड रे!"

मी ताडकन उठलो. शेजाऱ्यावर संकट! त्यांच्याकडं त्या आठवड्यात आयुष्यातली सर्वांत मोठी ऑर्डर तयार होती. परदेशी जायचे टॉवेल, चाळीस गठ्ठे, ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचा. मी पाइप कठड्यावर दोनदा ठोकला, विझला असं समजून शर्टाच्या खिशात घातला आणि दोन-दोन पायऱ्या उतरत खाली धावलो. काळ्या पानाचा एक गुण मला तेव्हा माहीत नव्हता. ते विझल्यासारखं दिसतं.

कारखान्यात सगळे माना वर करून हुंगत होते. गड्डमशेठ घामानं निथळत होते.

"सर, वास येतोय की न्हाई?"

मी छाती भरून श्वास घेतला. "छे! मला तर काहीच येत नाही."

"नाक गेलं की काय ओ तुमचं? डोळे झोंबायलेत आमचे!"

"शेठ, घाबरून चालणार नाही," मी शाळेतला आवाज काढला. "शोध पद्धतशीर व्हायला हवा." आणि मी पुढं झालो. मोटारीपाशी गेलो. कामगार मागोमाग आले. "हितं जास्त हाय!" एकजण ओरडला. मोटार उघडली. थंडगार! मी गठ्ठ्यांकडं गेलो. "अय्यो, हितं तर लईच हाय!" गड्डमशेठनी कपाळावर हात मारून घेतला. "गठ्ठे भायेर काढा! सगळे!" चाळीस गठ्ठे, एकेक दोन माणसांना न उचलणारा, गल्लीत नेऊन टाकायला सुरुवात झाली. गड्डमशेठ प्रत्येक गठ्ठ्यावरून आजारी लेकराच्या अंगावरून फिरवावा तसा हात फिरवत होते. मला भरून आलं. मी मनाशी ठरवलं, ही आग मी शोधणारच!

मी सगळ्यांना चार कोपऱ्यांत उभं केलं. स्वतः मधोमध उभा राहिलो. "आता प्रत्येकानं सांगायचं, वास कोणत्या बाजूनं येतो!"

पहिला कोपरा म्हणाला, "मधनं."

दुसरा म्हणाला, "मधनंच."

तिसरा आणि चौथा नुसतं माझ्याकडं बोट करून उभे राहिले.

मी खाली पाहिलं. माझ्या पायाखाली शहाबादी फरशी होती. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! "शेठ! इथून खालून वायर गेली आहे का?"

"गेलीय की! जुनी वायर हाय!"

"मग आग जमिनीखाली आहे! खणा इथं!"

पहार आली. पहिल्या घावाला फरशीचे दोन तुकडे झाले, तिसऱ्या घावाला शेजारची फरशीही गेली. वायर सापडली, तिला हात लावून पाहिलं, ती बिचारी गाढ झोपेत असल्यासारखी गार. मी जरा सरकून उभा राहिलो. वासही सरकला. "आता हितं हाय!" म्हणून तिथली फरशी फोडली. मी पुन्हा सरकलो... असे आम्ही मिळून पाच फरश्या फोडल्या! कुणीतरी अग्निशामक दलाला फोन केलाच होता. लांबून घंटा ऐकू यायला लागली आणि गल्लीच्या गच्च्या माणसांनी भरल्या.

एवढ्यात गर्दीतून कमल आली, आक्कांचा दंड धरून.

"शेठ, थांबा! मला ठाऊक हाय वास कसला त्ये. आक्का, तू मशेरी भाजलीस! खरं सांग!"

"म्या?" आक्का एका डोळ्यानं तिच्याकडं पाहत राहिल्या. "आगं, डोळ्याला पट्टी बांदून म्या कुटं भाजू? शपत घेतलीया न्हवं?"

"मग एवढा वास कसा आला? माझ्या बंद नाकात शिरलाय!"

आणि इथं मी जे बोललो, ते आठवलं की आजही मला उशीत तोंड लपवावंसं वाटतं. मी दोन पावलं पुढं झालो, आवाज मऊ केला आणि म्हणालो, "आक्का, कबूल करून टाका. माणसाच्या हातून चूक होते. पण एका सवयीपायी शेजाऱ्याचा धंदा धोक्यात घालणं तुमच्या वयाला शोभत नाही."

आक्कांनी पदर खोचला आणि हुंगायला सुरुवात केली. पन्नास वर्षं मशेरी भाजलेलं नाक ते! मोटारीकडं वळल्या, मान हलवली. गठ्ठ्यांकडं वळल्या, मान हलवली. गड्डमशेठना हुंगलं. (शेठ संकोचून मागं सरले.) मग माझ्याकडं वळल्या, जवळ आल्या, आणखी जवळ आल्या, आणि त्यांचं नाक माझ्या छातीपासून चार बोटांवर येऊन थांबलं.

"पाव्हणं," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या काळजातनं धूर निगायलाय."

मी खाली पाहिलं. माझ्या पांढऱ्या शर्टाच्या खिशाभोवती एक सुबक तपकिरी वर्तुळ उमटलं होतं. मी चित्रकलेचा मास्तर. पहिल्यांदा मनात आलं ते हेच की छटा चांगली जमली आहे. दुसऱ्या क्षणी ती छटा आतून लाल झाली आणि मी "आई गं!" म्हणून जागच्या जागी उडालो!

त्याच वेळी अग्निशामक दलाचे लोक आत घुसले. पुढच्या अधिकाऱ्यानं विचारलं, "आग कुठाय?"

कारखान्यातली झाडून सगळी बोटं माझ्या खिशाकडं वळली.

अधिकारी बुचकळ्यात पडला, पण आक्का पडल्या नाहीत. त्यांनी खिशाला हात घातला आणि टरकन तो शर्टापासून वेगळा केला, जमिनीवर टाकला आणि वर चप्पल ठेवून उभ्या राहिल्या. पाइप घरंगळत गड्डमशेठच्या पायाशी गेला. खरं म्हणजे आग तिथंच विझली होती. पण अधिकाऱ्यामागून पळत येणाऱ्या जवानाला एवढंच दिसलं की एका माणसाच्या छातीतून धूर येतोय. त्यानं हातातल्या लाल नळकांड्याचा खटका दाबला आणि मला डोक्यापासून पायापर्यंत मनापासून विझवलं! पांढरी पूड खाली बसली तेव्हा मी प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा झालो होतो.

गड्डमशेठनी वाकून पाइप उचलला. नाकाशी नेला. आणि झटक्यात लांब धरला.

"सर... ही बासुंदी हाय?"

"नाही," मी म्हणालो. (तोंडातून पूड उडाली.) "सहा महिन्यांपासून पान बदललंय."

"आणि सांगितलं न्हाई?"

"मला वास येत नव्हता हो शेठ."

त्यांनी फुटलेल्या पाच फरश्यांकडं पाहिलं. बंद मागांकडं पाहिलं. गल्लीत पडलेल्या चाळीस गठ्ठ्यांकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, झालं. वीस वर्षांचा शेजार संपला. दसऱ्याला यांच्याकडून येणारं सोनं संपलं, त्यांच्या बतुकम्माच्या सणाला येणारा प्रसाद संपला. लाज काय असते ते मला अंगावर पूड असताना कळलं. मी हात जोडले. त्या हातातून पुन्हा थोडी पूड उडाली आणि मला शिंक आली. अशी शिंक, की मी पूर्ण ढगात गेलो आणि ढग विरल्यावर परत दिसायला लागलो!

गड्डमशेठच्या पोटात आधी काहीतरी हललं. मग ते खाली बसले. मला वाटलं, चक्कर आली. पण ते हसत होते! फुटक्या फरशीवर बसून, माझा पाइप हातात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "चार कोपरे!" एवढंच ते बोलू शकत होते. "सरांनी चार कोपऱ्यांत उभं केलं आमाला!" मग कामगार हसले, मग गच्च्या हसल्या. अधिकाऱ्यानं तोंड फिरवून वही काढली, आणि त्या वहीत त्यानं जळालेल्या वस्तूंच्या रकान्यात 'खिसा, एक' असं लिहिलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

गठ्ठे पुन्हा आत नेण्याच्या कामात मी होतो. होतो म्हणजे, एका गठ्ठ्याला हात लावला, पाठीत उसण भरली आणि उरलेल्या एकोणचाळीस गठ्ठ्यांना मी तोंडी मार्गदर्शन केलं. ट्रक सकाळी वेळेवर निघाला. फक्त एक गठ्ठा मागं राहिला. तो मी बराच वेळ जवळ उभं राहून तपासला होता, आणि त्याचं नाव गिऱ्हाइकापुढं काढायची शेठना हिंमत झाली नाही. तो त्यांनी आमच्याकडं पाठवून दिला. आजही आंघोळ करून अंग पुसलं की आम्ही दोघं भट्टीवरून आल्यासारखे दरवळतो.

संध्याकाळी घरात खटला चालला. छातीवर रुपयाएवढा फोड, त्याला मलम लावलेलं, आणि समोर कमल. मी काळा डबा टेबलावर ठेवला. कमल बोलायला सुरुवात करणार, तेवढ्यात आक्कांनी डबा ओढून घेतला. चिमूटभर पान बोटात चुरलं, नाकाशी नेलं, एक डोळा मिटला. (दुसरा मिटलेलाच होता.)

"पान चांगलं हाय," त्यांनी निकाल दिला. "पर धुरी लई दिलीया. पाव्हणं, तुमी सुरवातीला ग्वाड वढत हुता न्हवं?"

"हो आक्का."

"मग त्ये फिकं लागाय लागलं?"

"हो!"

"माजंबी तसंच झालं. लगीन झालं तवा सासूची मशेरी लावली तर घेरी आली हुती. निस्ती हलकी भाजून लावायची मी. मग जरा तांबूस. मग काळी. आता काळीबी पुरंना. त्वांड म्हातारं व्हईल तसं त्येला कडू लागतं बगा."

मी भारावून त्यांच्याकडं पाहत राहिलो. दोन वर्षांत मला समजून घेणारं पहिलं माणूस भेटलं होतं, आणि त्याच माणसावर मी दुपारी भर गर्दीत आळ घेतला होता. मी त्यांचे पाय धरले. "आक्का, माफ करा. तुम्ही शपथ पाळली आणि मी..."

"व्हय तर! भाजली न्हाईच मी," आक्का म्हणाल्या, आणि त्यांनी कनवटीची पुडी काढून माझ्यापुढं धरली. "भाजून आणलीया घरनं. लावून बगता?"

कमलनं त्या संध्याकाळी दोन माणसांशी बोलणं सोडलं.

चार दिवसांनी तिचा निकाल आला. काळी बंद, पुन्हा व्हॅनिला. मी प्रामाणिकपणे व्हॅनिला पेटवली. कुणाचा तरी वाढदिवस माझ्या तोंडात साजरा होतोय असं वाटलं! दोन झुरक्यांत पाइप खाली ठेवला. मग बरीच बोलणी झाली, गड्डमशेठनी मध्यस्थी केली, आणि तह ठरला. रोज सोनेरी पान. त्यात काळी एक चिमूट, तीही पंख्यापासून लांब, गच्चीच्या पलीकडच्या टोकाला. मजा अशी की आता मला तेवढीच आवडते. गोडाला कंटाळलो, धुरात हरवलो आणि आता एका चिमटीवर येऊन स्थिरावलो आहे. (छातीवरचा डाग दिसला की ही चिमूट आणखी लहान होते.)

गल्लीनं मात्र या प्रकरणातून वेगळाच धडा घेतला. मे महिन्यात मला गड्डमशेठचा फोन आला. आवाज अगदी अदबीचा.

"सर, जरा कमी ओढा की आज. लईच वास यायलाय. पोरं खोकायलीत."

मी म्हटलं, "शेठ, मी आक्कांकडं आलोय. मंगळवेढ्याला."

पलीकडं क्षणभर नुसता मागांचा खडखडाट. मग फोन खाली पडल्याचा आवाज, आणि लांबून, "आपु रा! आपु!!"

एक मोटार जळाली होती. अर्धा तास जळत होती, आणि सगळे शांतपणे माग चालवत म्हणत होते, सर गच्चीवर बसलेत. नशीब, मोटारीपलीकडं काही गेलं नाही.

तेव्हापासून गाव सोडायचं झालं तर आधी गड्डमशेठना कळवावं लागतं, आणि ते कारखान्याच्या फळ्यावर खडूनं लिहितात, 'सर गावाला गेलेत. वास आला तर खरा समजावा.' बत्तीस वर्षं नोकरी केली. मी रजेवर आहे हे शाळेला कधी दुपारपर्यंत कळायचं नाही. आता मी घरी आहे की नाही, यावर बारा माग चालतात!